ताई, तो रिपोर्ट माझा होता

सुलोचनाताई, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले, आणि आपल्या घरात अजून कोणी मोठ्यानं बोलत नाही. तुम्ही होतात तेव्हा मोठ्यानं बोलायचं खातं तुमच्याकडेच होतं. शाळेत पोरांची खिचडी शिजवून शिजवून तुमचा आवाज तसा झाला, की आवाज तसा होता म्हणून शाळेनं तुम्हाला ठेवून घेतलं, यावर आपलं कधी एकमत झालं नाही. तुम्ही अंगणातून "वर्षे" अशी हाक मारली की दिग्रसच्या बसस्टँडवरची एखादी दुसरी वर्षा वळून बघत असेल, असं मी चिडवायचे. तुम्ही म्हणायचात, "मंग येऊ दे तिले बी. चहा वाढव."

मी तुमची धाकटी जाऊ. एकवीस वर्षं आपण एका अंगणात काढली. दोन चुली, एक नळ आणि एक कडुनिंब. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही हे गल्लीला पाठ होतं. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा पोरगा बारावीत राहिला, सगळं तुमच्याकडून कळायचं, आणि त्यात दुष्टपणा कणभरही नसायचा. अशा बाईनं माझी एक गोष्ट तीन वर्षं पोटात ठेवली. आता तुम्ही नाहीत तर त्या गोष्टीचं पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यातलं अर्धं तुमच्या माघारी झालं.

सुरुवात माझ्या आगाऊपणापासून करते.

तीन वर्षांपूर्वी बुद्धविहारात बायकांच्या तपासणीचं शिबिर लागलं होतं. तुम्ही शाळेत होतात. मी गेले ते खरं म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्यांसाठी. तिथं कळलं की गर्भपिशवीच्या तोंडाचीही तपासणी आहे, पाच मिनिटांचं काम, पडद्यामागं. माझ्या पुढच्या दोघी आत जाऊन हसत बाहेर आल्या, म्हणून मलाही जोर आला. पण टेबलाशी बसलेल्या सिस्टर फॉर्म भरत होत्या. नाव, वय, मोबाईल नंबर. माझा मोबाईल नावालाच माझा. दिवसा पोरीच्या अभ्यासाला आणि संध्याकाळी यांच्या, विजयच्या, हातात. उद्या फोन आला आणि यांनी उचलला तर? नवऱ्याला सांगायला काय हरकत होती, असं आता कुणीही म्हणेल. पण त्या जागेचं नाव आपण कधी घरात घेतलं होतं? पोट दुखतं, कंबर दुखते, एवढ्यावरच आपलं सगळं भागायचं.

"नाव?" सिस्टरनं विचारलं.

माझ्या तोंडून "सुलोचना" निघालं. आडनाव एकच, पत्ता एकच, आणि तुमचा नंबर मला पाठ. मनात हिशेब एवढाच की सुलोचनाबाईला जाऊन काही विचारायची गल्लीत कुणाची टाप नाही.

"वय?"

"अठ्ठेचाळीस."

सिस्टरनं वर पाहिलं. "वाटत नाही."

"केस रंगवते," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही सिलिंडरवाल्याशी भांडण्यात गुंतला होतात. दुसऱ्या दिवशी वाटलं, रिपोर्ट काय, चांगलाच येणार, कशाला बोलायचं. तिसऱ्या दिवशी विसरले. बारा दिवसांनी तुमचा फोन वाजला.

तुम्ही तो फोन खिचडीच्या पातेल्याशेजारी उभं राहून घेतलात. नंतर किती वेळा तुमच्याकडून मी तो ऐकला आहे. "ते बाई म्हणे, सुलोचनाबाई का? म्या म्हटलं, हो. म्हणे तुमच्या रिपोर्टमध्ये बदल दिसून राह्यले. बदल? म्या तं तिकडं पायही ठेवला नव्हता! मंग म्या इचार केला, आपल्या घरात माह्या नावानं खोटं बोलाची हिंमत एकीचीच." दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बाई, तुमचा नंबर चुकला. तुम्ही सगळं विचारून घेतलंत, पुन्हा वदवून घेतलंत आणि मिठाच्या पुड्याच्या कागदावर लिहून आणलंत.

भर दुपारी तुम्ही माझ्या खोलीत आलात आणि दार लावलंत. तुम्ही कधी दार लावत नव्हतात. मी मशीनवर कुणाच्या तरी ब्लाउजची बाही जोडत होते.

"वर्षे, तुह्या बापानं तुले नाव ठेवलं नव्हतं काय?"

मग तुम्ही कागद वाचलात. गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशींत बदल आहेत. म्हणजे कॅन्सरच आहे असं नाही. पण यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात येऊन मोठ्या भिंगातून तपासून घ्यावं लागेल. मी ऐकत राहिले आणि मशीन चालवत राहिले. ती बाही उलटी जोडली गेली. मला वाटलं तुम्ही आता ओरडाल, आणि ओरडायचा हक्कच होता तुमचा. तुम्ही खाली माझ्या पायाशी बसलात, चिंध्यांमध्ये, आणि म्हणालात, "नाव माह्यं देल्लं ना, मंग अर्धं भेव बी मले दे."

ताई, त्या अकरा दिवसांबद्दल मी कुणाशी बोलले नाही. यवतमाळची तारीख अकरा दिवसांनंतरची होती. कॅन्सरच असं नाही, हे वाक्य मी किती वेळा मनात म्हटलं, पण त्यातला एकच शब्द मनात राहायचा. पोरीची वेणी घालताना वाटायचं, हिला स्वतःची वेणी घालता यायला हवी. शिवायला आलेले सगळे कपडे मी भराभर संपवले, म्हणजे मागं कुणाचं कापड अडकायला नको. आणि दुसरं एक वाटायचं, ते तुमच्याजवळही बोलायला जीभ वळत नव्हती. मी कोणतं पाप केलं होतं? की यांनी केलं? रात्री हे शेजारी झोपले की मी यांच्या पाठीकडं बघत संशय घ्यायचे, आणि सकाळी यांच्या डब्यात जास्तीची पोळी घालायचे. स्वतःच्या अंगाची किळस येत होती. न्हाणीत मी दोन-दोन बादल्या पाणी ओतून घ्यायचे.

तुमच्या ते लक्षात आलं. तुम्ही मला रोज सकाळी शाळेत घेऊन जाऊ लागलात, तांदूळ निवडायला. हेडमास्तरांना सांगितलंत, माही जाऊ घरी बसून कटाळली. पहिल्याच दिवशी सूप माझ्यापुढं ठेवून म्हणालात, "म्हण. कॅन्सर."

"काहीही काय ताई."

"म्हण नं. इथं कोन ऐकते? तो शब्द तोंडातून काढला नाही तं तो पोटात बसन."

पलीकडच्या वर्गात दुसरीची पोरं बेंबीच्या देठापासून पाढे म्हणत होती. बे एके बे, बे दुणे चार. त्या गदारोळात मी हळूच म्हटलं, कॅन्सर. आणि रडले. तुम्ही रडू दिलंत, पण तांदूळ भिजू दिले नाहीत, सूप ओढून घेतलंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीनचा पाढा आणि कॅन्सर, चारचा पाढा आणि कॅन्सर. आठवड्याभरानं तो शब्द उच्चारताना माझा हात थांबेनासा झाला. भीती गेली नव्हती. पण आता ती बसून तांदूळ निवडत होती, मला घेऊन विहिरीकडं पळत नव्हती. मला कुणी शहाण्या डॉक्टरनं इतकं शिकवलं नसतं, आणि हे तुम्ही सातवी शिकलेल्या बाईनं कुठून आणलंत, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.

यवतमाळला आपण सकाळच्या एसटीनं गेलो. यांना सांगितलं, पाळीचा त्रास आहे, ताई सोबत आहे. तुम्ही सोबत म्हटल्यावर यांनी पुढं विचारलं नाही. दारव्ह्याला बस थांबली तेव्हा तुम्ही मला तर्रीपोहे खाऊ घातलेत आणि वर म्हणालात, "उपाशी पोटी फक्त इलेक्शनचं भाषन आयकाव."

खिडकीवर घोळ झाला. चिठ्ठी सुलोचनाची, आधार कार्ड वर्षाचं. मी मागं सरकले. परत जाऊ, म्हटलं. तुम्ही थेट डॉक्टरीणबाईच्या टेबलापर्यंत मला ओढत नेलंत आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलंत, "बाई, कागदावर नाव माह्यं हाय, पन अंग हिचं हाय. तपासा हिले."

ती पोरसवदा डॉक्टरीण आधी चिडली. म्हणाली, असं करतात का, रिपोर्ट चुकीच्या बाईच्या हाती पडला असता तर? तिनं तिथल्या तिथं कागद माझ्या नावावर केले. मग मला आत घेतलं. त्या पाच मिनिटांत तुम्ही माझ्या डोक्याशी उभ्या होतात आणि माझा हात तुमच्या हातात होता. तपासायला छोटासा तुकडा घेताना चिमटा बसला आणि पोटात कळ आली. मी तुमचं मनगट असं दाबलं की तुमच्या बांगडीचा वळ तुमच्याच कातडीवर उमटला. तुम्ही तिला विचारलंत ते मी जन्मात विचारू शकले नसते.

"हे चालचलनुकीनं होते का, बाई?"

ती म्हणाली, नाही. एक विषाणू असतो, संसार करणाऱ्या बहुतेक बायकांना कधी ना कधी होतो, पुष्कळदा आपोआप जातो, कधी वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. कुणाकडून कधी आला ते सांगता येत नाही आणि शोधूही नये. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "आयकलं? आता बिचाऱ्या विजयच्या पाठीकडं पाहू नोको."

मी तुम्हाला ते सांगितलंच नव्हतं. तुम्हाला कसं कळलं होतं?

पुढच्या खेपेला रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. त्याच्या आधीची पायरी होती. खराब झालेला पातळ थर त्यांनी काढून टाकला, आणि ठराविक मुदतीनं तपासायला यायला सांगितलं. तुम्ही डॉक्टरीणबाईला म्हणालात, "म्हंजे अळीची अंडी दिसली तवाच पान खुडलं म्हना." ती हसली आणि म्हणाली, हेच मी सगळ्यांना सांगत जाईन. जाताना तिनं तुम्हालाही बजावलं, रजिस्टरमध्ये तुमची तपासणी झाली असं दिसतं, पण तुमची झालेलीच नाही, तेव्हा तुम्हीही करून घ्या.

इथपर्यंत सगळं आपल्या दोघींत होतं. इथं ते राहिलं असतं तर मी आज एवढी बोलले नसते.

वर्षभरानं पुन्हा विहारात शिबिर लागलं. तुम्ही मला सोबत घेऊन गेलात, तुमच्या तपासणीसाठी. सिस्टर नव्या होत्या. तुम्ही रांगेत पुढं, मी दोन बायका मागं. मध्ये शेजारची कमलताई. तुम्ही तुमचं नाव सांगितलंत. सिस्टरनं रजिस्टरवरून बोट फिरवलं आणि निर्मळ मनानं म्हणाली, "तुमचं मागच्या वर्षी झालंय ना? तुमचा तर रिपोर्ट खराब आला होता. यवतमाळला पाठवलं होतं."

तुम्ही मागं वळून माझ्याकडं एकदा पाहिलंत. त्या पाहण्यात बोलावणं नव्हतं की रागही नव्हता. मी बोलू शकते का, एवढंच तुम्ही बघितलंत. मी पायाच्या अंगठ्यानं सतरंजी उकरत होते.

तुम्ही पुढं तोंड केलंत. "हो, आलता खराब. मंग? इलाज केला, बरी झाली. पुन्हा पाहून घ्या."

तुमचा त्या दिवशीचा रिपोर्ट स्वच्छ आला, पण ते कुणी विचारलं नाही. गल्लीत पोहोचला तो पहिला, खराब आलेला. सुलोचनाला तो रोग आहे. विधवा बाई, तिला कसा झाला? असंही कुणीतरी गल्लीच्या नळावर बोललं. मी ते ऐकलं आणि हंडा भरून घरी आले. आणि मग कमलताईनं शाळेत तक्रार केली. तिचा नातू तिसरीत. म्हणाली, अशा बाईच्या हातचं लेकरांनी खायचं का? शाळेच्या समितीची बैठक बसली. तुमचं काम जाणार, असं सगळे धरून चालले होते. घरात तुमच्या पगाराशिवाय काही येत नव्हतं, आणि तुमचा राहुल तेव्हा नागपुरात शिकत होता.

मी तुमच्या पाया पडले त्या सकाळी. म्हटलं, मी येते, सांगते खरं काय ते. मी चप्पल उलटसुलट घातली होती, ते तुम्ही पाहिलंत. "बस घरी," म्हणालात. "तू आत्ता सांगशीन तं भेवानं सांगशीन. तसं सांगनं काही कामाचं नाही." आणि लुगड्याचा पदर खोचून एकट्या गेलात.

त्या बैठकीत तुम्ही काय बोललात ते मला हेडमास्तरांच्या बायकोकडून कळलं, आणि ते गल्लीत अजून सांगतात. तुम्ही म्हणालात, "सर, खिचडी मी हातानं शिजवते. गर्भपिशवीनं नाही." समितीतल्या बाप्यांनी माना खाली घातल्या. कुणी तरी हसलं. हेडमास्तरांनी विषय संपवला आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या पंगतीत स्वतः ताट घेऊन बसले. तुम्ही त्यांना दोनदा वाढलंत.

एवढ्यावर दुसरी बाई थांबली असती. तुम्ही मात्र त्या बदनामीला कामाला लावलंत. घरोघरी जाऊ लागलात. "मले पाहा. तपासलं, सापडलं, काढून टाकलं. आता बरी हाय हे घन उचलून दाखवू का?" तुम्हाला बघून बायका हसायच्या आणि जायच्या. आपल्या गल्लीतल्या, पलीकडच्या मोहल्ल्यातल्या, कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी वेचायला येणाऱ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी तुम्हाला म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "झाकून ठेवली म्हनूनच तं सडते."

मला तुमचा अभिमान वाटायचा आणि तुमचा राग यायचा, दोन्ही एकदम. माझं दुखणं तुम्ही अंगावर घालून मिरवत होतात, असं वाटायचं. माझं ते, आणि मलाच ते लपवावं लागत होतं.

आपलं शेवटचं भांडण त्यावरूनच झालं. तुम्ही जायच्या आठ दिवस आधी. तुम्ही यवतमाळला पाठवलेली एक पोरगी चिडून अंगणात आली होती. म्हणाली, मावशी, तुम्ही तर म्हटलं होतं काहीच दुखत नाही, मला तर कळ आली, मी किती घाबरले. तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलात. ती गेल्यावर तुम्ही भांडी घासता घासता म्हणालात, "वर्षे, आता तू सांगत जा. चिमटा कसा बसते, भेव कसं वाटते, तुले माईत हाय. माह्यं उसनं हाय. उसन्यानं किती दिवस चालन?"

मी भडकले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझं ओझं घ्यायला? मी मागितलं होतं?"

तुम्ही हात थांबवला नाहीत. "नाही. कोनी नाही सांगतलं," एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी आपण चहा प्यालो, राहुलच्या नोकरीवर बोललो, भाजीवर बोललो. ते भांडण तसंच राहिलं. मी चुकले, हे दोन शब्द माझ्या तोंडात रोज यायचे आणि मी चहाबरोबर गिळायचे. तुम्हाला ते कळलं असेल, कारण न सांगितलेलं तुम्हाला कळायचंच. पण कळणं वेगळं आणि मी म्हणणं वेगळं. ताई, मी चुकले. ओझं मीच तुमच्या डोक्यावर ठेवलं होतं, तुमचं नाव सांगितलं त्याच दिवशी.

त्या बुधवारी तुम्ही पोरांना वाढून झाल्यावर भिंतीला टेकून बसलात. पोरांना वाटलं, बाई जरा आराम करतात. डॉक्टर म्हणाले, हृदय. क्षणात.

पण तिरडी उठायच्या आधीच लोक बोलू लागले. "तोच रोग होता. वरून बरी दिसे." अंगणातल्या कडुनिंबाखाली कमलताई दोन बायकांना सांगत होती, "तपासलं, इलाज केला, काय उपेग झाला? गेलीच नं?" त्या दोघींना तुम्ही पुढच्या शिबिराला यायला राजी केलं होतं. एक म्हणाली, "मंग मी बी नाही जात. कायले अंग उघडं करा लागते."

मी तुमच्या पायाजवळ बसले होते आणि मला एकदम लख्ख कळलं की माझ्या गप्प बसण्यानं आता काय होणार आहे. तुमचं नाव तर खोट्यात जाईलच. पण ज्या बायका तुमच्यामुळं वाचल्या असत्या त्याही तुमच्यामुळंच घरी बसतील. याहून मोठा अपमान तुमचा कुणी केला नसता.

नवव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. अंगणात मांडव, तुमचा फोटो, पांढरी वस्त्रं, वंदना. मग आदरांजली. हेडमास्तर बोलले. राहुल हात जोडून परत खाली बसला. सूत्रसंचालन करणाऱ्यानं विचारलं, आणखी कुणी? मी उभी राहिले. विजयनं माझ्याकडं असं बघितलं, की ही कशाला? मी लग्नातही माईक हातात धरलेला नाही.

मी म्हटलं, "सुलोचनाताईचा रिपोर्ट कधी खराब आलाच नाही. तो रिपोर्ट माझा होता."

आणि मग सगळं सांगितलं. पहिल्यांदा खोटं नाव कसं दिलं, रांगेत मी सतरंजी कशी उकरत होते, समितीच्या दिवशी घरी कशी बसले. कळ येते हे सांगितलं. चिमटा बसतो, थोडं रक्त जातं, एक-दोन दिवस पोट दुखतं, मग जातं. अकरा दिवस झोप लागत नाही हेही सांगितलं. नवऱ्याचा संशय येतो हे सांगितलं, आणि तो घेण्यात अर्थ नाही हेही. म्हटलं, ताईचं हृदय थांबलं. ज्या बाईला तो रोग होऊ घातला होता ती ही तुमच्यापुढं उभी आहे, आणि तिला काही झालेलं नाही. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता, पण मी खाली बसले नाही. तुम्ही असत्यात तर म्हणाला असतात, जरा माईक तोंडाजवळ धर.

मी माईक परत दिला. विजय उठून बाहेर गेले. ते संध्याकाळी बोलले. "वहिनीले सांगतलं. साऱ्या मांडवाले सांगतलं. मले काहून नाही?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला ज्याची भीती होती तो राग त्यात नव्हता. मी म्हटलं, भेव वाटलं. "कायचं? माह्यं?" मी म्हटलं, तुम्ही माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघाल याचं. आमचं ते बोलणं अजून संपलेलं नाही, थोडं थोडं रोज होतं.

पण तुम्हाला खरं सांगायचं आहे ते कमलताईचं.

माणसं पांगल्यावर ती मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. माझ्याकडं आली तेव्हा मी मनात तयारी केली, आता ही काही बोलेल आणि मी तुमच्या वाटचं सगळं हिला सुनावीन. तक्रार, नळ, सगळं. तिनं विचारलं, "मंग सुलीले काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं."

"आन् मी तिच्या भाकरीवर उठली होती. तिले माईत होतं मीच सांगतलं म्हनून?"

"माहीत होतं."

"मले कधी बोलली नाही. माह्या नातवाले दुसऱ्यांदा वाढत होती."

सुनावायचं होतं ते कुठं गेलं कळलं नाही. ती माझ्या आणखी जवळ आली. तिची पाळी जाऊन सहा वर्षं झालीत, हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत होतं. ती म्हणाली, "वर्षा, मले चार महिन्यांपासून अंगावर लाल जाते. घरी कोनाले सांगतलं नाही. सुलीले रोगाचं नाव ठेवलं तवा माह्यं तं सुरूही झालं नव्हतं. आन् झाल्यावर कोन्या तोंडानं जाऊ तिच्याकडं?"

ताई, ती रोज तुमच्या दारावरून जात होती. तुम्ही तिला हाक मारत होतातच, पण ती मान वळवत नव्हती.

परवा सकाळच्या एसटीनं मी तिला यवतमाळला घेऊन गेले. विजयनं स्टँडवर सोडलं. बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी तिला तो शब्द म्हणायला लावला. ती म्हणेना. मी म्हटलं, म्हणा, कुणी ऐकत नाही. कंडक्टर ऐकत होता. दारव्हा येईपर्यंत तिनं तो तीनदा म्हटला. डॉक्टरीणबाई आता दुसऱ्या आहेत. त्यांनी तपासलं, तुकडा घेतला. डोक्याशी मी उभी होते. त्यांनी आम्हाला खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, पाळी गेल्यावर असं जाणं चांगलं नाही, पण आलात हे फार चांगलं केलंत, आता लवकर कळेल.

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल. काय येईल ते मला माहीत नाही. तो चांगलाच येईल असं मी तिला म्हणत नाही, कारण तुम्ही मला तसं कधी म्हटलं नव्हतं. रोज सकाळी ती सुपात तांदूळ घेऊन माझ्याकडं येते. मी मशीन चालवते, ती निवडते. मध्येच तिचा हात थांबतो. मग मी मशीन थांबवते आणि तिच्याजवळ खाली बसते.